नव्या राणीची गोष्ट

रामबाग, इंदूर
१७ नोव्हेंबर १९५३

चि. सौ. यशोधरा हिला,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. नवा कागद घेतला असता तर पुन्हा तिथेच अडले असते, म्हणून हाच पाठवते.

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. घरी वाईट काही घडलेलं नाही. तुझे बाबा दिवाळी करून ऑफिसबरोबर ग्वाल्हेरला गेले. आता सहा महिने राजधानी तिकडे, मग सहा महिने इकडे. फायलींच्या पेट्या निघाल्या की कारकून मंडळीही निघतात. त्यांची तब्येत चांगली आहे. हे पत्र मी लिहिते आहे, हे त्यांना माहीत नाही.

तू जबलपूरला निघून गेलीस त्याला साडेचार वर्षं झाली. तेवढ्या काळात मी एक ओळ पाठवली नाही, आणि आता पाठवते ती काही मागायला. तुझी आई तुला झोपताना एक गोष्ट सांगायची, चिंचेच्या झाडाची. ती मला पूर्ण लिहून पाठव. मला अर्धीच ठाऊक आहे.

कशाला हवी ते सांगते. जुलैपासून मी नोकरी करते. परदेशीपुऱ्यात बायकांच्या एका मंडळानं मिलमधल्या कामगारांच्या मुलांसाठी शिशुवर्ग काढला आहे. एक खोली, वर पत्रे, एकेचाळीस मुलं. निम्मी मराठी, निम्मी हिंदी, आणि भांडताना सगळीच हिंदी. मिलचा भोंगा झाला की सगळी एकदम 'ऊंऽऽ' करतात. तो संपेपर्यंत मी खडू हातात धरून उभी. टांग्यानं जाते, येताना चालत येते. चाळिसाव्या वर्षी मला कुणी 'बाई' म्हणेल असं वाटलं नव्हतं.

मंडळाचं काम अप्पासाहेब बघतात. शाळाखात्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पण सरळ मनाचे. त्यांचा नियम असा की वर्गात राजा-राणी, राक्षस, चेटकीण काही आणायचं नाही. देश स्वतंत्र झाला, आता मुलांना खरं आणि उपयोगी तेच सांगायचं. मला हा नियम मनापासून आवडला होता. म्हणून मी दात घासणाऱ्या मुलाची गोष्ट सांगते, रांगेत चालणाऱ्या मुंग्यांची सांगते. मुलं ऐकतात. जांभयाही देतात.

वर्गात एक गेंदी आहे, पाच वर्षांची. आई उन्हाळ्यात तापानं गेली. बाप लक्ष्मण मिलमध्ये माग चालवतो. ही पोर जुलैपासून एक शब्द बोलली नव्हती. भिंतीकडे तोंड करून बसायची. मागच्या आठवड्यात मी दातांची गोष्ट सांगत असताना एक मुलगा म्हणाला, "बाई, राक्षस वाली सुनाओ ना." मी म्हटलं, "राक्षस नसतातच." तेवढ्यात गेंदी भिंतीकडे बघतच म्हणाली, "सौतेली माँ तो होती है ना? वो खा जाती है क्या?"

तिच्या बापाचं दुसरं लग्न ठरतं आहे, हे मला नंतर कळलं. पण मी काय उत्तर दिलं असेल? शहाण्या माणसानं द्यावं तेच. "नाही गं, असं काही नसतं. नवी आईसुद्धा चांगलीच असते." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे वळली. त्याला नऊ दिवस झाले. पुन्हा बोललेली नाही.

मला वाटतं, तिला हो किंवा नाही ऐकायचं नव्हतं. त्या न आलेल्या बाईला कुठंतरी लांब, जंगलात वगैरे उभं करून नीट बघायचं होतं. मी ते दारच लावून टाकलं.

तुझी गोष्ट आपल्या घरात बंद झाली ती तू झोपेत दचकायचीस म्हणून. तुला आठवत असेल.

शारदा आता सात वर्षांची झाली असेल. तिला माझा आशीर्वाद सांग. तो खोडत नाही.

इंदुमती


९ डिसेंबर १९५३

चि. सौ. यशोधरा,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असंही असेल. मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. पोस्टात टाकल्यापासून ते मला टोचतं आहे, म्हणून हे दुसरं.

तू झोपेत दचकत नव्हतीस. तू छान झोपायचीस.

मी वीस वर्षांची होते, तू सहाची. मला या घरात येऊन तीन महिने झाले होते. तू संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून शेजारच्या मुलांना गोष्ट सांगायचीस आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. नवी राणी राजाच्या मुलीला जंगलात पाठवते. म्हणते, चिंचेच्या झाडाची सगळी पानं मोजल्याशिवाय घरी यायचं नाही. मुलगी मोजायला बसते. वारा येतो, पानं हलतात, मोजणी चुकते. ती पुन्हा पहिल्यापासून मोजते. इथवर रोज ऐकलं. मग एके दिवशी तू म्हणालीस, "नवी राणी देवासहून आली होती आणि तिच्या हनुवटीवर तीळ होता." मुलं दाराकडे बघून फिदीफिदी हसली.

मी बाहेर आले आणि तुझा दंड धरून तुला घरात ओढलं. तुझ्या बाबांना सांगितलं, ही मोहल्लाभर माझी बदनामी करते. ते म्हणाले, "आजपासून या घरात गोष्टी बंद." तू रडलीसुद्धा नाहीस. त्यानंतर कधी माझ्याशी भांडली नाहीस, हट्ट केला नाहीस, ताटात पडेल ते खाल्लंस. मी माहेरी देवासला सांगायची, मुलगी सुधारली. कित्येक वर्षं मी खरंच तसं समजत होते.

आणि एकोणपन्नास साली शारदा माझ्या मांडीवर येऊन बसली. "आजी, गोष्ट सांग." मी म्हटलं, "मला येत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी तू सामान बांधलंस. तुला वाटलं मी तिलाही झिडकारलं. यशोधरा, मला खरंच एकही येत नव्हती.

आता वर्गातलं. तुझ्या उत्तराची वाट बघून मी गेल्या आठवड्यात ती अर्धी गोष्ट सांगून टाकली. नियम मोडला. नव्या राणीचं नाव काढताच एकेचाळीस पोरं पुढे सरकली. मी पाच महिने ज्यांना 'सरळ बसा' म्हणते आहे ती सगळी सरळ बसली. मोजणी चुकते तिथे एक जण म्हणाला, "फिर से?" आणि सगळी ओरडली, "फिर से!"

गेंदी भिंतीकडून माझ्याकडे वळली होती. छुट्टी झाल्यावर ती मागे रेंगाळली आणि म्हणाली, "रानी के दाँत कैसे थे?" मी विचारलं, "तुला कसे वाटतात?" तिनं दोन्ही हातांची बोटं तोंडापाशी धरून लांब लांब दात करून दाखवले. मग माझ्याकडे बघून हळूच हसली आणि पळाली.

त्या दिवसापासून रोज एक प्रश्न असतो. राणी काय खाते, राणी झोपते कुठे, राजाला ओरडते का. नवी आई हा शब्द ती काढत नाही, मीही काढत नाही. दोघींना माहीत आहे की बोलणं कशाबद्दल चाललं आहे.

पुढचं मात्र मला येत नाही. राणीचं शेवटी काय होतं? तेव्हा तुला विचारायची मला हिंमत झाली नाही. आता विचारते आहे.

इंदुमती


१२ जानेवारी १९५४

चि. सौ. यशोधरा,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. तू काय लिहिलंस ते तुला आठवत असेल, पण मी इथे पुन्हा उतरवते, कारण मला ते हातानं लिहून बघायचं आहे.

'आईच्या गोष्टीत नवी राणी नव्हतीच. मुलगी होती, झाड होतं, आणि पानं मोजायचा हट्ट मुलीचाच होता. राणी मी घातली. शेवट मला माहीत नाही, मी दर वेळी आधीच झोपायचे.'

मी भाजी चिरत होते. कार्ड वाचलं आणि विळी तशीच ठेवून बसून राहिले.

वीस वर्षं मला वाटत होतं की तुझी आई गोष्टीतून माझ्याविरुद्ध काही मागे ठेवून गेली. मी तिच्यावर रागावत होते, यशोधरा. जिला कधी बघितलं नाही त्या बाईवर. आणि ती गोष्ट तुझी होती. सहा वर्षांच्या पोरीला जे मला तोंडावर विचारता येत नव्हतं ते तिनं आपल्या परीनं विचारलं होतं. गेंदीनं सरळ विचारलं, तू राणी घालून विचारलंस. तुझा प्रश्न ऐकायला मी रोज दाराआड उभी होते आणि मला ऐकू आला नाही.

माफी वगैरे शब्द मला लिहिता येत नाहीत. जे झालं ते चुकीचं झालं आणि ते मी केलं. एवढंच लिहिता येतं.

इकडे गडबड आहे. कुणाच्या तरी घरी पोरानं राणीचे दात करून धाकट्या बहिणीला घाबरवलं आणि ती बातमी अप्पासाहेबांपर्यंत गेली. त्यांनी मला बोलावलं.

"बाई, आपलं काय ठरलं होतं?"

"खरं आणि उपयोगी सांगायचं, असं."

"मग ही राणी काय उपयोगाची? मुलं भित्री होतील."

मी म्हटलं, "मुलं भित्री आधीच आहेत, अप्पासाहेब. त्या पोरीची आई गेली, तीही तिच्या डोळ्यांदेखत. तिला मी दात घासायला शिकवते आहे."

इतकं मी आजवर कुणाला उलटून बोलले नव्हते. तुझ्या बाबांनासुद्धा नाही. अप्पासाहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "मी येऊन ऐकतो. पटलं नाही, तर फेब्रुवारीपासून वर्ग दुसऱ्या बाईंकडे देतो. मनाला लावून घेऊ नका."

मनाला कसं लावून घेऊ नये? सकाळी उठल्यावर जायला एक जागा असणं म्हणजे काय, ते मला या वयात कळलं आहे.

त्यात लक्ष्मणचं लग्न वसंत पंचमीला ठरलं. मुलगी गौतमपुऱ्याकडची आहे. गेंदी पुन्हा भिंतीकडे वळून बसली आहे. माझ्याकडे अर्धी गोष्ट आहे आणि शेवट कुणालाच माहीत नाही.

इंदुमती


१४ फेब्रुवारी १९५४

चि. यशोधरा,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात अप्पासाहेब आले. खुर्ची मागे ठेवून, काठी गुडघ्यांमध्ये धरून बसले. मी गोष्ट सुरू केली, मुलगी झाडाखाली बसली, वारा आला, मोजणी चुकली. "फिर से!" वर्ग ओरडला. अप्पासाहेब दचकले.

मग मी म्हटलं, "इसके आगे की कहानी मुझे नहीं आती. जिसने बनाई, उसको भी नहीं आती. अब तुम लोग बताओ."

आधी नुसता गोंधळ. मग सुरू झालं. राणीला कुएँ में डालो. राणीच्या डोक्यावर चूल्हा ठेवा. एक जण उभा राहून म्हणाला, "रानी को मिल के भोंगे में ठूँस दो!" त्यावर टाळ्या पडल्या. इतकी गोड गोड पोरं, राणीला शिक्षा देताना कसली निर्दय झाली होती! आणि मी, देवासची, हनुवटीवर तीळ असलेली, समोर उभी राहून "अच्छा, फिर?" म्हणत होते. मला वाईट वाटत नव्हतं. बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी ते सगळं तोंडावर बोलत होतं.

तेवढ्यात गेंदी उठली.

"रानी ने पूछा, कित्ते पत्ते हैं? तो छोरी बोली, सौ-सौ-सौ."

"झूठ!" भोंगावाला म्हणाला.

"झूठ कैसे? रानी को गिनती आती थी क्या?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"रानी बोली, पक्का? छोरी बोली, नी मानती तो तू गिन ले. फिर रानी झाड़ के नीचे बैठ गई. गिनती रई, गिनती रई. हवा आई तो भूल गई."

"वहीं रहने दो उसको!" पोरं ओरडली.

मी विचारलं, "मग राणी तिथेच राहिली का, गेंदी?"

ती बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "शाम को छोरी रोटी ले के गई. रानी रो रई थी."

"क्यों रो रही थी?"

"गिनती नी आती थी ना. उसको कोई ने सिखाई नी."

मी वळून फळा पुसायला लागले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

मागून तिचा आवाज आला. "फिर दोनों घर आ गई. बस."

मुलं बाहेर पळाल्यावर अप्पासाहेब उठले. म्हणाले, "बाई, शेवट मला पटला नाही."

मी मनात म्हटलं, झालं.

"राणी फार स्वस्तात सुटली. निदान आठवडाभर तरी तिला तिथे बसवायला हवं होतं." एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. ते खाकरले, काठी घेतली आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "हजेरीपुस्तक एक तारखेला नवं लागेल. घेऊन जा." फेब्रुवारीच्या हजेरीवर माझीच सही आहे.

परवा गेंदी आली, हाताला मेंदी. तिला सोडायला तिची नवी आई आली होती. नाव धापू. सतराची असेल, नाहीतर अठराची. उंबऱ्याबाहेर घूंघट ओढून उभी. आत ये म्हटलं तर आली नाही. गेंदीनं तिचा हात धरला नव्हता, पण वर्गात शिरण्याआधी वळून तिच्या तोंडाकडे बघितलं. घूंघट होता म्हणून थोडी खाली वाकून बघितलं. मला वाटतं, दात बघत होती.

इंदुमती


३० एप्रिल १९५४

चि. यशोधरा,

या वेळी चार ओळी नाहीत, चार पानं! मी ती टांग्यात वाचली, मग घरी येऊन पुन्हा. तू लिहिलंस की तुझा राग गेलेला नाही आणि मी तो एका पत्रानं जाईल असं समजू नये. समजत नाही. राग लिहून पाठवलास, हेच मला फार मोलाचं वाटलं. सहाव्या वर्षापासून तू तो मला दाखवलाच नव्हतास.

शारदाला गेंदीचं पुढे काय झालं ते हवं आहे ना? तिला हे वाचून दाखव.

मार्चमध्ये एके दिवशी छुट्टीनंतर धापू थांबली. घूंघट थोडा वर करून म्हणाली, "बाई, ये रोज बोलती है, कहानी सुना. मेरे को एक भी नी आती. कहानी के बिना ये रोटी नी खाती." डोळ्यांत पाणी. मी तिला खोलीत बसवलं. खेड्यातून इथे आलेली, सासूचा धाक, घरात कुणाशी बोलायची सोय नाही, आणि समोर पाच वर्षांची पोर हिशेबाला बसल्यासारखी तिच्याकडे बघते आहे. मी वीस वर्षांची असताना असं कुणाकडे जाऊन बसायचं मला सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी गेले नसते.

मी तिला एक गोष्ट शिकवली. आता मला पाच-सहा येतात, मुलांनीच बनवून दिल्या आहेत. कोल्ह्याच्या लग्नाची दिली. दोन दिवसांनी ती पुन्हा हजर. "बाई, ये तो मेरे पे चिल्लाती है. बोलती है, गलत सुना रई है, लोमड़ी पहले आती है, ऊँट बाद में."

"चिल्लाने दो," मी म्हटलं. "जी पोर चिल्लाते ती घाबरलेली नाही. चूप बसली तर माझ्याकडे धावत ये."

तिला ते कितपत समजलं कोण जाणे. पण आता ती रोज छुट्टीच्या अर्धा तास आधी येते आणि मागे चटईच्या टोकावर बसून गोष्ट ऐकते. गेंदी पुढे बसते. मध्येच वळून बघते, धापू नीट ऐकते आहे ना. काल मी राक्षसाचा आवाज काढला तेव्हा धापूच किंचाळली आणि सगळा वर्ग हसून लोळला. गेंदी उठून मागे गेली, तिच्या शेजारी बसली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "डर मत, झूठमूठ का है."

घरी जाताना दोघी एकमेकींशी भांडतच गेल्या. ऊँट आधी की लोमड़ी आधी.

तुझे बाबा परवा ग्वाल्हेरहून आले. मी त्यांना सगळ्या पत्रांबद्दल सांगितलं, तुझी पानंही वाचायला दिली. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "गोष्टी बंद, असं मी म्हणालो होतो. ते लिहिलंस का तिला?"

"लिहिलं."

"बरं केलंस. माझ्याही वाटणीचं लिहिलंस." आणि संध्याकाळी स्वतः स्टेशनवर जाऊन माझं तिकीट काढून आणलं. एकच. म्हणाले, "आधी तू जा. मी पुढच्या वेळी."

तर मी येते आहे. तू बोलावलेलं नाहीस, ते मला ठाऊक आहे. शाळेला सुट्टी लागली की दहा तारखेला निघते. खंडव्याला गाडी बदलायची एवढंच, बाकी सोपं आहे. शारदासाठी इंदूरची शेव आणते आणि तिच्या शाळेच्या दप्तराला कापड. दोन दिवस राहीन. तुला नको वाटलं तर एक दिवस. दारातून परत पाठवलंस तरी रागावणार नाही, तो हक्क तुझा आहे.

गाडी सकाळी पोचते म्हणतात. स्टेशनवर कुणी आलं नाही तरी चालेल, मी टांगा करीन. पत्ता मला पाठ आहे. या पाच वर्षांत तो किती पाकिटांवर लिहिला आणि ती पाकिटं फाडली, ते तुझ्यासमोर बसून सांगेन.

तुझी,
इंदुमती